नस दबलीय म्हणतात, आता काय? कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेसाठी काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चोपडा-अमळनेर भागात काम करते, आणि कापूस वेचणी लागली किंवा केळीची कटाई जोरात असली की एकच तक्रार घेऊन माणसं येत राहतात. कंबरेतून कळ निघते, ढुंगणातून मांडीच्या मागून पोटरीत उतरते आणि कधीकधी पार अंगठ्यापर्यंत जाते. अहिराणीत लोक नेमकं सांगतात, "ताई, पायमा करंट उतरस." माणूस आत येतो तेव्हा हातात एमआरआयची मोठी पिशवी असते, कंबरेला पट्टा आवळलेला असतो आणि सोबत भाऊ नाहीतर जावई असतो, त्याचा पहिलाच प्रश्न, ऑपरेशन करावंच लागेल का हो?

बहुतेकांना नाही लागत. पण त्या बहुतेकांत तुम्ही बसता की नाही हे कळायला काही गोष्टी तपासाव्या लागतात, आणि त्यातल्या पहिल्या बऱ्याचशा फुकट आहेत, घरच्या घरी होतात. म्हणून त्याच क्रमाने लिहितेय, फुकटचं आधी, खर्चाचं नंतर. एक गोष्ट आताच सांगून ठेवते कारण पुढे सारखं तिच्यावरच यायचंय: कळ कुठून कुठे सरकतेय आणि पायातली ताकद टिकून आहे का, हे बघायचं. किती दुखतंय यावरून काहीच ठरवू नका, दुखणं या आजारात फार फसवतं.

लक्षणं जुळतात का बघा

कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो. कळ एकाच पायात असते आणि बहुतेक वेळा गुडघ्याच्या खाली जाते. करंट बसल्यासारखं, जळजळ, मुंग्या, किंवा पावलाचा एखादा पट्टा बधिर. शिंकलं, खोकलं, संडासला जोर लावला की सणकन पायात जाते. खाली मांडी घालून बसलं, मोटरसायकलवर बसलं की वाढते, उठून चार पावलं टाकली की जरा बरं वाटतं. सकाळी बेसिनवर वाकून तोंड धुणं नको होतं. काही जणांचं अंग एका बाजूला कललेलं असतं, त्यांना स्वतःला कळत नाही, घरचे म्हणतात असा वाकडा का उभा आहेस.

नुसती कंबर धरलीय, पायात काहीच नाही, वाकताना उसण भरली, तर ते वेगळं. ते बहुतेक वेळा थोड्या दिवसांत आपोआप सुटतं आणि ही पोस्ट त्याच्यासाठी नाही.

आत नेमकं काय झालेलं असतं

थोडक्यात सांगते, कारण हे समजलं की पुढचे निम्मे उपाय का करायचे ते आपोआप कळतं. दोन मणक्यांच्या मधे गादी असते, तिच्या आत मऊ जेलीसारखा गर आणि बाहेरून चिवट कडं. पुरणपोळीचा काठ फाटून पुरण बाहेर यावं तसा तो गर कडं फाटून मागे येतो आणि तिथूनच पायाकडे जाणारी नस जात असते. कंबरेतल्या अशा केसेसपैकी सुमारे ९५ टक्के खालच्या दोनच गाद्यांच्या असतात, रिपोर्टमध्ये एल४-एल५ आणि एल५-एस१ लिहिलेलं असतं त्या (एल म्हणजे कंबरेचे मणके, एस म्हणजे त्यांच्या खालचं हाड, आणि तिथून निघणाऱ्या नसांनाही हीच नावं).

आता लोक म्हणतात नस "दबली", ते अर्धंच खरं आहे. गर बाहेर आला की तिथे रासायनिक दाह होतो, नस सुजते, चिडते. दाब तेवढाच राहिला तरी दाह उतरला की कळ उतरते. दुसरं म्हणजे बाहेर आलेला तुकडा शरीराला परका वाटतो, रक्तातल्या सफाई करणाऱ्या पेशी येऊन तो हळूहळू खाऊन टाकतात, आणि गंमत अशी की मोठा, पूर्ण तुटून बाहेर पडलेला तुकडा बऱ्याचदा छोट्या फुगवट्यापेक्षा जास्त विरघळतो. म्हणून रिपोर्टमध्ये "मोठी गादी" लिहिलंय म्हणून हाय खाऊ नका. बहुतेकांची पायातली कळ ६ ते १२ आठवड्यांत बरीच उतरते. मधल्या काळात तिला पुन्हा पुन्हा चिडवायचं नाही आणि धोक्याची खूण निसटू द्यायची नाही, सगळं उपचाराचं काम एवढ्यासाठीच आहे.

सगळ्यात आधी, पैसे लागत नाहीत, पण हे चुकलं तर बाकी सगळं वाया

लघवी. लाज वाटते म्हणून कोणी सांगत नाही, मलाच विचारावं लागतं. लघवी लागल्याचं कळतंय का? सुरू व्हायला अडकतेय का, थेंब थेंब गळतेय का? संडासवरचा ताबा नेहमीसारखा आहे का? सायकलच्या सीटला अंगाचा जो भाग टेकतो तिथे, म्हणजे जांघेत, गुदाभोवती बधिर वाटतंय का, धुताना पाण्याचा स्पर्श कळतोय का? कळ एकदम दोन्ही पायांत सुरू झालीय का?

यातलं काहीही नवीन सुरू झालं असेल तर ही पोस्ट पुढे वाचत बसू नका. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा झुबका असतो तो पूर्ण दाबला गेलाय अशी शक्यता असते आणि मग तासांचा हिशोब असतो. उशीर झाला तर लघवी-संडासचा ताबा कायमचा जाऊ शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करा किंवा गाडी करून जिथे तातडीने एमआरआय आणि मणक्याचं ऑपरेशन होतं अशा मोठ्या हॉस्पिटलला जा, जळगाव, धुळे, जे जवळ पडेल ते. सकाळची ओपीडी, गावातला ओळखीचा डॉक्टर, बाबाची विभूती, काहीही मधे आणायचं नाही. इथे बिनऑपरेशनचा उपचार नसतोच.

चप्पल बघा

दुसरी तपासणी ताकदीची. टाचांवर उभे राहून दहा पावलं चाला, पावलाचा पुढचा भाग वर उचललेला ठेवून. मग चवड्यांवर दहा पावलं. मग भिंतीला बोट टेकवून एकाच पायावर उभे राहा आणि टाच दहा वेळा वर उचला, आधी चांगल्या पायाने, मग दुखऱ्या पायाने. दुखल्यामुळे न जमणं वेगळं आणि उचलायला गेलं तर पाऊल उचललंच जात नाही हे वेगळं, फरक करून बघा. टाचांवर चालताना पाऊल खाली पडत असेल तर बहुधा एल५ ची नस, चवड्यांवर टाच उचलत नसेल तर एस१.

मी तर माणूस आत येतानाच चप्पल बघते. "चप्पल पायातून निसटून पडते आणि कळतच नाही" असं कोणी म्हटलं की माझे कान टवकारतात. एका पायाच्या चपलेचं पुढचं टोक घासून झिजलेलं आणि दुसरी धड, याचा अर्थ तो पाऊल ओढतोय, आणि बऱ्याचदा त्याचा त्यालाच पत्ता नसतो कारण त्याचं लक्ष सगळं दुखण्याकडे. यातलाच सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे कळ अचानक थांबते आणि पाऊल लुळं पडतं, घरचे खुश होतात की बरा झाला. बरा झाला नाही, नस बंद पडत चाललीय. कळ कमी आणि ताकद कमी असं झालं तर त्याच दिवशी मणक्याच्या सर्जनला दाखवा. ताकद दिवसागणिक कमी होतेय, तरीही त्याच दिवशी. थोडीशीच कमी आहे आणि तेवढ्यावरच टिकून आहे तरी आठवडाभर घरी थांबू नका, एकदा दाखवून घ्या आणि रोज सकाळी हीच परीक्षा करत राहा.

बोटाने नकाशा काढा

एक बोट घ्या आणि कळ जाते त्या वाटेवरून फिरवा. मांडीच्या पुढून नडगीच्या आतल्या बाजूला जात असेल तर एल४. बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्याकडे, तर एल५. मागून पोटरी, टाच, तळवा, करंगळी असं असेल तर एस१. एमआरआयमध्ये गादी डाव्या बाजूला आणि तुमची कळ उजव्या पायात असेल तर कळ त्या गादीची नाही, एवढं साधं हे लॉजिक आहे, पण फाईल बघून उपचार सुरू होतात आणि पेशंटकडे कोणी बघत नाही.

नकाशा जुळत नसेल तर दुसरं काहीतरी असतं. दोन्ही तळपायांची आग, रात्री जास्त, मोजे घातल्यासारखं बधिर, तर आधी शुगर तपासा, हे मी रोज सांगते कारण आपल्याकडे डायबेटिसवाला माणूस सुद्धा "नस दबली" म्हणून महिनोन् महिने कंबर शेकत बसतो. जांघेत दुखतं आणि मांडी घालून बसता येत नाही, खुबा बघा. साठीच्या पुढचे नाना म्हणतात, चाललो की दोन्ही पाय भरून येतात, बसलं की किंवा पुढे वाकलं की मोकळे होतात, तर मणक्यातली जागा अरुंद झालेली असू शकते, त्यांना खालचे पालथं झोपायचे व्यायाम उलट त्रास देतात. चालल्यावर पोटरी आवळते आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबते, आणि माणूस तंबाखू-विडीवाला आहे, तर रक्तवाहिनी बघायला हवी. पट्ट्यात आग होऊन दोन-चार दिवसांत पुरळ उठलं तर ती नागीण, डॉक्टर गाठा लवकर.

आणि टीबी. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, जे कुठल्याच बाजूला वळलं तरी कमी होत नाही. मणक्याचा टीबी आपल्याकडे दुर्मिळ नाही. असा माणूस माझ्याकडे आला तर मी व्यायाम देत नाही, डॉक्टरकडे पाठवते. कॅन्सर होऊन गेलेला, पडून-आपटून मार लागलेला, बरीच वर्षं स्टिरॉइड घेणारा, यांनाही आधी तपासणी, मग बाकी.

दिवसभर तुम्ही नसेला चिडवताय कुठे

इथे सगळ्यात जास्त फरक पडतो आणि इथेच लोकांना कंटाळा येतो. गोळी घेतो म्हणतात, बसणं बदलत नाही.

पाठीत पोक काढून बसलं की गादीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा वाढतो आणि पुढे वाकून वजन उचललं की आणखी बराच. आता आपला दिवस बघा. सकाळी वाकून अंगण झाडणं, बसून भाकरी थापणं, खाली बसून जेवण, मग खड्ड्यांतून मोटरसायकल, शेतात केळीची पिलं कापायला वाकणं, पाठीवर १६ लिटरचा फवारणी पंप, वेचणीला कापसाची ओटी पुढे लोंबतेय आणि बाई दिवसभर अर्धी वाकलेली. घड खांद्यावर घेऊन चिखलाच्या सरीतून चालणारा माणूस घसरताना अंग पिळतो, आणि कंबर तिथेच जाते.

सगळं बंद करा असं मी सांगत नाही, घर कसं चालेल. पहिले दोन-तीन आठवडे एवढं करा. खाली बसणं बंद, जेवायला खुर्ची, संडासला कमोड किंवा त्याची प्लास्टिकची खुर्ची मिळते ती. एका जागी वीस-पंचवीस मिनिटांच्या वर बसायचं नाही, मोबाईलवर गजर लावा, उठा, चार पावलं टाका, परत बसा. मोटरसायकल बंद, जाणं अडलंच तर एसटी किंवा रिक्षा, आणि एसटीत मागच्या सीटवर अजिबात नाही. भाकरी ओट्यावर उभं राहून, आणि सासूबाई असतील तर त्यांनाही ही ओळ वाचून दाखवा कारण सुनेची कंबर "आळसाने" दुखते असं घरोघर ठरलेलं असतं. सैल बाजेवर, खाटेवर झोपू नका, झोळीसारखं अंग वाकतं. फळी किंवा दगडावर झोपायचीही गरज नाही, साधी बऱ्यापैकी घट्ट गादी पुरते. कुशीवर झोपलात तर दोन गुडघ्यांमधे उशी, उताणे झोपलात तर गुडघ्यांखाली.

संडास कडक होऊ देऊ नका. जोर लावला की कळ जाते म्हणून लोक संडासला जायचंच टाळतात, मग आणखी कडक होते. पाणी, पालेभाजी, लागलं तर डॉक्टरला विचारून इसबगोल.

पालथं झोपून बघा

ही माझी आवडती पायरी. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे एक पेशंट होता, पायातली कळ बरेच दिवस हटत नव्हती. त्याला टेबलावर पालथं झोपून थांबायला सांगितलं होतं, पण टेबलाचं डोक्याकडचं टोक आधीच्या पेशंटसाठी वर उचललेलं राहिलं होतं, हा तसाच पाठ मागे वाकवून पडून राहिला. मॅकेन्झी आत आले तर हा म्हणतो पायातलं दुखणं गेलं, इतक्या आठवड्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं. त्यातून पुढे जी पद्धत तयार झाली ती आज जगभर वापरतात.

करायचं असं. जमिनीवर सतरंजी टाका, पालथे झोपा, दोन-तीन मिनिटं नुसते पडून राहा. सुरुवातीला तेवढंही जमत नसेल तर पोटाखाली पातळ उशी घ्या. मग कोपरांवर टेकून छाती उचला, दोन-तीन मिनिटं. ते सोसलं तर तळहात टेकून हात हळूहळू सरळ करा, कंबर सैल जमिनीकडे सोडलेली, वर जा, खाली या, दहा वेळा. दर दोन-तीन तासांनी.

आता लक्ष कुठे ठेवायचं ते नीट वाचा. टेबलावर पेशंट म्हणतो, "मॅडम, कंबर जास्त दुखायला लागली." मी विचारते, पाय? तो थांबतो, विचार करतो. "पाय... पोटरीतलं कमी झालं, आता इथे ढुंगणातच आहे." हे चांगलं चिन्ह आहे, कंबर वाढली तरी. कळ पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत अशी वर सरकतेय म्हणजे दिशा बरोबर आहे, करत राहा, ज्यांची कळ अशी वर सरकते ते बिनऑपरेशनचे बरे होण्याची शक्यता चांगली असते. उलट कळ आणखी खाली उतरली, मुंग्या पावलात वाढल्या आणि उठल्यावरही तशाच राहिल्या, तर थांबा, ही दिशा तुमची नाही, जबरदस्ती करू नका, फिजिओला दाखवा. अंग एका बाजूला कललेलं असेल तर आधी ते सरळ करावं लागतं, तेही एकट्याने करू नका.

योगवाल्यांचे फोन येतात म्हणून लिहिते, भुजंगासन आणि हे बरंचसं सारखं दिसतं, हरकत नाही. पण पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, सूर्यनमस्कारातलं पुढे वाकणं, "शीर मोकळी करायला" पाय सरळ ताणणं, हे सगळं कळ पायात असेपर्यंत बंद. चिडलेली नस ताणली की आणखी चिडते, त्याला स्ट्रेचिंग म्हणत नाहीत.

पडून राहू नका

पहिले एक-दोन दिवस फारच असेल तर पडा. त्याच्या पुढे पलंग धरून बसलात तर फायदा नाही. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या, म्हणजे याच पायात उतरणाऱ्या कळेच्या, पेशंटना दोन आठवडे पूर्ण झोपवून ठेवून बघितलं होतं, १९९९ साली निकाल छापला, झोपलेले आणि हिंडते-फिरते यांच्यात फरक पडला नाही. फरक पडतो तो स्नायू ढिले पडण्यात आणि मनाने खचण्यात. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चाला, दिवसातून तीन-चारदा, उन्हाळ्यात उजाडताना आणि दिवेलागणीला. कळ खाली उतरायला लागली की तिथून परत फिरा, उद्या तेवढंच, परवा थोडं जास्त.

शेक चालतो, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, कंबरेवर, पंधरा मिनिटं. बधिर पायावर शेक नको, डायबेटिसवाल्यांनी तर बिलकुल नको, भाजतं आणि कळत नाही.

गोळ्या

हे डॉक्टरचं काम आहे, मी फक्त काय विचारायचं ते सांगते. डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, आयब्युप्रोफेन या सूज उतरवणाऱ्या गोळ्या काही दिवस घेतल्या तर थोडी उसंत मिळते, त्या उसंतीत चालायचं आणि व्यायाम करायचे. पण जेवणानंतर, आणि अल्सर, किडनी, हृदय, बीपीचं औषध यांपैकी काही असेल तर डॉक्टरला आधी सांगून. मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं आणि वर या गोळ्या, याने किडनीला खरंच इजा होते. मेडिकलवरून स्वतःच स्ट्रिप आणून महिनाभर खाणारे आपल्याकडे कमी नाहीत.

नसेच्या दुखण्यासाठी देतात ती प्रेगाबालिनची गोळी जवळपास प्रत्येकाच्या चिठ्ठीवर असते. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सायटिकाच्या दुखण्यावर ती गोळी आणि नकली गोळी यांच्यात फरक सापडला नाही, चक्कर मात्र जास्त आली. घेत असाल तर गाडी चालवू नका आणि एकदम बंदही करू नका, डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करा. आणि त्या बिननावाच्या पुड्या, "देशी औषध, दोन दिवसांत माणूस पळतो", अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. माणूस पळतो खरा, मग शुगर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात.

जिथे पैसे जाऊ देऊ नका

पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेणं. साध्या उसणीत हलका पाय लावून घेतला तर घ्या, श्रद्धा असेल तुमची, पण पायात कळ असताना पाठीवर लाथ, उभं राहून तुडवणं, "मणका बसवतो" म्हणून झटका देणं, नको म्हणजे नको. गादी हाताने ढकलून आत जात नसते. वजन लावून कंबर ताणणं, ट्रॅक्शन, यावर महिनोन् महिने रोज पैसे घालू नका, त्याचा टिकणारा फायदा दिसलेला नाही. पट्टा प्रवासापुरता, दिवसातून तास-दोन तास. चोवीस तास आवळून ठेवलेला पट्टा मी आल्या आल्या काढायला लावते. फिजिओकडे गेल्यावर नुसतं मशीन लावून झोपवून ठेवत असतील आणि घरी करायला काही शिकवत नसतील तर दुसरा फिजिओ बघा, हे मी माझ्याच धंद्याबद्दल म्हणतेय.

एमआरआय कधी

पहिल्या आठवड्यात नाही, वरच्या धोक्याच्या खुणा नसतील तर. एक्स-रेत गादी दिसतच नाही. आणि एमआरआयत इतकं दिसतं की माणूस घाबरतो. २०१५ साली, ज्यांना कंबरेचा काहीच त्रास नाही अशा ३००० हून जास्त लोकांचे स्कॅन एकत्र करून बघितले होते, तर विशीतल्या ३० टक्के लोकांत गादी फुगलेली सापडली आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के. म्हणजे रिपोर्टमध्ये "बल्ज" लिहिलेलं असणं हे केस पिकण्याइतकंच वयाचं लक्षण असू शकतं. सहा आठवडे नीट, मनापासून सगळं करूनही पायातली कळ हटत नाही, किंवा ताकद कमी आहे, किंवा इंजेक्शन-ऑपरेशनचा विचार चाललाय, तेव्हा काढा. तेव्हा त्याचा उपयोग आहे.

इंजेक्शन आणि सर्जन

नसेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, एपिड्युरल म्हणतात त्याला, सी-आर्म म्हणजे चालू एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनवर बघून द्यायचं असतं. ते गादी बरी करत नाही, दाह उतरवून काही आठवडे श्वास घ्यायला जागा देतं, आणि ज्याला दुखण्यामुळे रात्रभर झोपच नाही अशाला ते कामाचं आहे. डायबेटिस असेल तर काही दिवस शुगर वाढते, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. वर्षात पुन्हा पुन्हा टोचत राहायचं औषध नाही ते.

ऑपरेशनला मी शत्रू मानत नाही. २००७ सालचा नेदरलँड्सचाच आणखी एक अभ्यास आहे, ६ ते १२ आठवडे जोरदार कळ असलेले २८३ पेशंट, अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना थांबवून औषध-व्यायाम. ऑपरेशनवाल्यांना बरं वाटायला साधारण ४ आठवडे लागले, थांबणाऱ्यांना १२. वर्षाच्या शेवटी दोन्हीकडे सुमारे ९५ टक्के बरे. पण थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांनी वर्षभरात शेवटी ऑपरेशन करून घेतलं, हेही लपवायचं कारण नाही. म्हणजे ताकद आणि लघवी ठीक असेल तर ऑपरेशन हा घाईचा प्रश्न नाही, तुम्हाला किती दिवस सोसायचंय आणि कामावर कधी जायचंय याचा आहे. ज्याच्यावर घर चालतं तो हमाल आणि निवृत्त मास्तर यांचं उत्तर वेगळं येऊ शकतं आणि दोघंही बरोबर असू शकतात. दोन सर्जनची मतं घ्या, जळगाव, धुळे, नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेज आहेत तिथेही विचारा.

बरं वाटायला लागल्यावर

कळ पायातून पूर्ण गेली की लगेच पंप पाठीवर घेऊ नका. आधी चालणं वाढवा, मग पोट-पाठीचे ताकदीचे व्यायाम, मग रिकामा पंप, मग अर्धा भरलेला. घड दोघांनी उचला, अंगाजवळ धरून, आणि पिळून वळू नका, पाय वळवा. सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकून काम नको, रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते, तेव्हा तिच्यावर ताण जास्त येतो. विडी-तंबाखू सोडलीत तर गादीला होणारा पुरवठा सुधारतो, सांगायचं माझं काम, ऐकणारे थोडे.

पुन्हा कळ उतरली, आणि बऱ्याच जणांची कधीतरी उतरते, तर नवीन एमआरआयला पळायच्या आधी लघवी, टाच-चवडे, बोटाचा नकाशा आणि पालथं झोपणं, याच क्रमाने बघा.

चैत्र आला की हमखास विचारतात, ताई, यंदा सप्तशृंगीच्या गडावर पायी जाऊ का? निघायच्या आधीच्या दोन आठवड्यांत तुम्ही लागोपाठ दोन दिवस तासभर सलग चालू शकलात आणि कळ गुडघ्याच्या खाली आली नाही, तर जा. पाठीवर सॅक नको, सामान सोबतच्या गाडीत. मुक्कामाला मांडी घालून भजनाला बसण्याआधी दहा मिनिटं पालथे पडा, बसायला खुर्ची मागा, आईला चालतं ते. पाऊल घासायला लागलं, चप्पल निसटली, तर तिथून एसटी पकडून घरी न जाता सरळ दवाखान्यात.